बारा टेस्टर आणि सोळा आणे पीक

संशोधनासाठी मोबाईल ॲप बनवायचा विचार करताय? मग एक गोष्ट आधीच सांगतो. कोड लिहिणं हा त्यातला सोपा भाग आहे, खरी अडचण शेवटी येते. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून गुगल प्लेवर ॲप टाकायचं असेल, तर आधी बंद चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी 20 टेस्टर लागत, डिसेंबर 2024 मध्ये ही अट 12 वर आली. हे बारा जण सलग 14 दिवस चाचणीत असावे लागतात. नंतर अर्ज करताना टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, हेही विचारलं जातं.

माझं ॲप केळीवरच्या करप्याच्या नोंदींसाठी आहे. रावेर, यावल आणि शिरपूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी पानाचा फोटो काढायचा, किती पानांवर डाग आहेत ते भरायचं, बस्स. बारा टेस्टर मी एका संध्याकाळीच जमवले. लॅबमधले पाच मित्र, दोन रूममेट, मावसभाऊ, बाकीचे हॉस्टेलचे. चौदा दिवसांनी सगळ्यांचे मेसेज आले, "भारी आहे भाऊ!" मी ती यादी गाईड सरांना दाखवली. सर हसले आणि म्हणाले, "हे टेस्टर नाहीत रे, हे तुझ्या लग्नाचे वऱ्हाडी आहेत."

ते वाक्य लागलं. मी अर्ज थांबवला आणि वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं, की "विश्वासू टेस्टर कुठून आणायचे" हा प्रश्न ॲपवाल्यांचा नाहीच. आपल्याकडे तो निदान शंभर वर्षं जुना आहे आणि तो शेतात उभ्या पिकावरून सुरू झाला. ती गोष्ट आज सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना उद्या सर्व्हे, सॅम्पल किंवा ॲप यांपैकी काहीतरी करायचंच आहे.

पीक किती आणे?

इंग्रजांच्या काळात खानदेश मुंबई इलाख्यात होता. 1906 मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, म्हणजे आजचे ढोबळमानाने जळगाव आणि धुळे. पीक किती आलं हे ठरवायची पद्धत होती आणेवारी. महसुली कर्मचारी शिवारात जाऊन नजरेने अंदाज करायचा. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, चार आणे म्हणजे पाव. पेऱ्याचं क्षेत्र, एकरी नेहमीचं उत्पन्न आणि ही आणेवारी यांचा गुणाकार केला, की जिल्ह्याचं उत्पादन निघालं!

आता विचार करा. आणेवारी चारच्या खाली गेली तर शेतसाऱ्याची वसुली तहकूब करावी लागे. म्हणजे अंदाज करणारा ज्या सरकारचा नोकर, त्याच सरकारचा महसूल त्या अंदाजावर अवलंबून. शेतकऱ्याचाही फायदा-तोटा त्याच आकड्यात. 1918 च्या खेडा सत्याग्रहाचं मूळ इथंच आहे. खेडा जिल्हाही तेव्हा याच मुंबई इलाख्यात होता. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत होते वर आहे. शेत तेच आणि पीकही तेच, पण आकडे दोन.

यातला कोण खोटं बोलत होता, हे बाजूला ठेवू. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. ज्याचं उत्तरात काही अडकलेलं आहे, तो प्रामाणिक असला तरी त्याची नजर सरकते. माझ्या मावसभावाचं काय अडकलं होतं? माझ्याशी असलेलं नातं. ॲप वाईट आहे असं म्हणून त्याला काय मिळणार होतं?

"सरासरीसारखे" निवडले तरी चुकतं

मग तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नातेवाईक नको. आपण विचार करून, समतोल साधून माणसं निवडू. दोन तरुण, दोन म्हातारे, दोन बागायतदार, दोन कोरडवाहू. मलाही हेच सुचलं होतं.

हा प्रयोग इटलीत होऊन गेला आहे. 1921 च्या जनगणनेचे मूळ कागद ठेवायला जागा नव्हती, म्हणून जिनी आणि गल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनी नमुना म्हणून काही जिल्हे राखायचे ठरवले. 214 पैकी 29 जिल्हे त्यांनी अगदी जाणीवपूर्वक निवडले. सात गोष्टींमध्ये या 29 जिल्ह्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळत होती. पण त्या सात गोष्टी सोडून बाकीचं तपासलं, तर मोठी तफावत निघाली. येर्झी नेमन यांनी 1934 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच उदाहरण घेतलं आणि दाखवलं, की हेतुपुरस्सर निवडीपेक्षा गट पाडून प्रत्येक गटातून यादृच्छिक निवड करणं भरवशाचं असतं. कारण साधं आहे. तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टी तुम्ही जुळवाल, पण माहीत नसलेल्या कशा जुळवणार? आणि टेस्टर हवा असतो तो नेमक्या त्यासाठीच.

इथून गोष्ट पुन्हा महाराष्ट्रात येते. नेमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते त्या काळात तिथं सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण शिकत होता, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. नेमन यांच्याच विषयावर त्यांनी 1935 मध्ये निबंध लिहिला. भारतात परतल्यावर 1940 पासून ते कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. इंदूरच्या संस्थेत विनायक गोविंद पानसे होते. आपल्यापैकी शेतीशास्त्र शिकलेल्यांना ही जोडी माहीत असेलच. 1954 मध्ये आलेलं पानसे-सुखात्मे यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक पुढे पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी वापरलं.

या लोकांनी नजरेच्या आणेवारीऐवजी पीक कापणी प्रयोग उभे केले. गाव चिठ्ठीने, गावातला सर्व्हे नंबर चिठ्ठीने, आणि शेतात गेल्यावरही "इथलं पीक बरं दिसतंय" असं म्हणायची सोय नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून लांबीला किती पावलं, रुंदीला किती पावलं, हेही यादृच्छिक आकड्यांवरून. जिथं पोहोचाल तिथं चौकट आखायची, तेवढंच कापायचं आणि वजन करायचं. मग तिथं तण असो की खड्डा. आजही पीक विम्यासाठी हेच प्रयोग होतात.

सुखात्मे यांचा आणखी एक शोध मला फार आवडतो. चौकट खूप लहान असेल, तर उत्पन्न नेहमी जास्त दिसतं. असं का? काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की हात नकळत ते आत घेतो. लहान चौकटीत आतल्या रोपांच्या मानाने काठावरची रोपं जास्त, म्हणून चूकही मोठी. यात कोणी फसवत नाही, पण सगळ्या चुका एकाच दिशेला जातात.

पुन्हा पुन्हा येणारा माणूस

पानसे यांनी 1940 च्या दशकात कापसावरही हे काम केलं, आपल्या शेजारच्या वऱ्हाडात. आपण खानदेशी, कापूस आपल्याला शिकवायला नको. गहू एकदा कापला की संपलं, कापसाचं तसं नाही. पहिली वेचणी, दुसरी, तिसरी, बोंडं फुटत राहतात. म्हणजे मोजणाऱ्याला त्याच शेतात, त्याच चौकटीत पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्या वेचणीवरून उत्पन्न सांगाल तर फसाल.

सलग 14 दिवसांच्या अटीचा अर्थ मला इथं लागला. पहिल्या दिवशी सगळेच ॲप उघडतात. दहाव्या दिवशी कोण उघडतो आणि कशासाठी, तिथं खरी माहिती असते.

असंच एक उदाहरण आपल्या भागातलं. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. (1 जुलै 1998 पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं.) दहा जणांना ते मिळाले, फोटो सगळीकडे छापून आले. पण ते दहा जण टेस्टर नव्हते, तो उद्घाटनाचा दिवस होता. चाचणी त्याआधी आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि बिहारच्या ग्रामीण भागांत झाली होती. मजुरी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला नीट मिळतात का, हा मोठा प्रश्न होता. तिथंही ठसे एकदा घेऊन भागलं नाही. काही आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा बोलावून ठसे जुळतात का ते पाहिलं गेलं.

आणि आपल्या सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणी? 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली. आधी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटोसह करू लागला. पुढच्याच वर्षी, 2022 च्या खरिपात, सुधारित ॲप आलं. फोटो गटापासून लांब काढला तर सूचना, 48 तासांत एकदा दुरुस्तीची सोय आणि किमान 10 टक्के नोंदींची तलाठ्याकडून पडताळणी. शेतकऱ्याने स्वतः नोंद करायची, कोणीतरी बाहेरून काही नोंदी तपासायच्या आणि चुकलं तर बदलता यायचं. आणेवारीच्या भांडणात यातलं काहीच नव्हतं.

मग मी काय केलं

तीन तालुक्यांतल्या 60 केळी उत्पादकांची यादी त्यांच्या परवानगीने केली. मृगबागवाले आणि कांदेबागवाले असे दोन गट पाडले. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि शेजारच्या मुलीकडून प्रत्येक गटातून नऊ उचलल्या. म्हणजे अठरा. गळती होणार हे धरून मुद्दाम जास्त घेतले. चौदा शेवटपर्यंत टिकले.

पहिल्या तीन दिवसांतच डोळे उघडले. यावलच्या एका काकांच्या बोटांना केळीचा चीक लागलेला, स्क्रीन बोट ओळखेना. माझी बटणं नखाएवढी होती! शिरपूरच्या एका ताईंनी फोन करून विचारलं, "भाऊ, हाई बटन कसाले शे?" ते बटण खरंच कशासाठीच नव्हतं, काढून टाकलं.

पण सगळ्यात मोठी चूक सापडली ती चाचणी सोडून गेलेल्या एका काकूंमुळे. मी कारण विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "फोन पोराजवळ राहतो बाबा. तो रात्री येतो, तेव्हा भरते." मी सुन्न झालो. माझं ॲप नोंद भरल्याची वेळ हीच पाहणीची वेळ धरत होतं, आणि त्या वेळेच्या तापमान-आर्द्रतेशी करप्याचा संबंध जोडणं हा माझ्या प्रबंधाचा गाभा! सकाळी पाहिलेला डाग रात्री नऊच्या हवेशी जोडला गेला असता. लॅबमधल्या एकाही मित्राला हे कधीच सापडलं नसतं, कारण प्रत्येकाचा फोन त्याच्याच खिशात असतो.

आता थोडं गणित. समजा एखादी अडचण दहातल्या एका वापरकर्त्याला येते. यादृच्छिक निवडलेल्या बारा जणांपैकी कोणालाच ती न येण्याची शक्यता 0.9 चा बारावा घात, म्हणजे सुमारे 28 टक्के. वीस जण घेतले तर सुमारे 12 टक्के. म्हणजे बारा हा आकडा जादूचा नाही, नीट निवडले तरी बरंच निसटतं. आणि हे गणित यादृच्छिक निवडीलाच लागू आहे. बाराही जण एकाच हॉस्टेलचे असतील, तर गणित करायलाच नको.

पैसे घेऊन बारा टेस्टर पुरवणारेही सापडतील. अट त्यांनी पूर्ण होईल, पण काकूंचा फोन रात्रीपर्यंत पोराकडे असतो हे त्यांना कुठून कळणार?

तुमची चाचणी सुरू करण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. माझ्या उत्तरात या माणसाचं काय अडकलंय? त्याला मी निवडलं की चिठ्ठीने? तो दहाव्या दिवशीही असेल का? आणि सोडून गेला, तर त्याला कारण विचारायला मी जाणार आहे का? शेवटच्या ओळीसमोर "हो" लिहिलंत, तर बसचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवा. यावलला मला दोनदा जावं लागलं.