माशांची ज्ञानेंद्रिये व अधिवास (मुंबई उपनगरे)

पाण्यात उजेड किती, गाळ किती आणि प्रवाह कसा, यांवर माशाचे कोणते ज्ञानेंद्रिय तल्लख होईल आणि कोणते क्षीण होईल हे पिढ्यान्‌पिढ्यांत ठरत जाते. या बदलाची दोन टोके मुंबईच्या उपनगरांतच सापडतात: खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी आणि जोगेश्वरीच्या विहिरीतला डोळे नसलेला मासा.

निवटी : मुलुंड-भांडुपकडची ठाण्याची खाडी असो की बोरिवलीपलीकडची गोराईची, ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या बिळांतून वर येतात. त्यांचे डोळे डोक्याच्या माथ्यावर बेडकासारखे उंच आलेले असतात, त्यामुळे अंग पाण्यात ठेवूनही वरचे दिसते. पाण्यात माशाच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा प्रकाश फारसा वाकवत नाही. ते काम गोलाकार भिंग करते. हवेत मात्र तोच पडदा प्रकाश वाकवू लागतो आणि सामान्य मासा लघुदृष्टीचा होतो. निवटीचे भिंग किंचित चपटे असल्याने ही अडचण बरीच कमी होते. डोळा कोरडा पडू लागला की ती तो खालच्या खोबणीत ओढून ओला करून घेते. चिखलाच्या काठावर पाच मिनिटे शांत उभे राहिले, तर ही उघडझाप नुसत्या डोळ्यांनी दिसते. पाहावी अशीच ती आहे.

गढूळ पाणी : भरतीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. शिंगाळ्याच्या तोंडाभोवतीच्या मिशा स्पर्श आणि चव दोन्ही जाणतात, त्यामुळे तळाच्या गाळात भक्ष्य न दिसताही सापडते. घोळ व ढोमा यांच्या कुळातले मासे वाताशयाच्या भिंतीवर स्नायू थरथरवून आवाज काढतात. त्यांच्या डोक्यात मोठे पांढरे खडे असतात. मासळी साफ करणाऱ्यांना हे खडे चांगलेच ओळखीचे आहेत. ऐकणे आणि तोल सांभाळणे ही त्यांची कामे. पाण्याची हालचाल टिपण्यासाठी बहुतेक माशांच्या कुशीवर पार्श्विक रेखा असते. तिच्यातील सूक्ष्म केसांसारख्या पेशी जवळच्या हालचालीने वाकतात आणि माशाला धक्का न लागताच शेजाऱ्याची जाणीव होते.

विहिरीतील आंधळा मासा : जोगेश्वरीत अंधांसाठीच्या शाळेच्या आवारात सुमारे 40 फूट खोल विहीर आहे. तिच्यात मिळालेल्या माशाचे नवी जाती म्हणून वर्णन 2021 मध्ये प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे, अनिल महापात्र आणि ए. पवन कुमार यांनी ‘ॲक्वा’ या मत्स्यविज्ञानाच्या नियतकालिकात केले. शास्त्रीय नाव रक्थामिक्थिस मुंबा. जातिनाम मुंबाआईवरून आले आहे, तर प्रजातिनामात ‘रक्त’ आणि मासा या अर्थाचा ग्रीक शब्द यांची जोड आहे. अंग लालसर, वामेसारखे लांब. डोळे, पर आणि खवले नाहीत. दिसायला वामेसारखा असला तरी खऱ्या वामेच्या गटात तो मोडत नाही. त्याचे कुळ सिनब्रँकिडी.

त्याचे खरे घर विहीर नव्हे, भूजल. मुंबईच्या कातळाच्या भेगांतून पाणी मुरते आणि विहीर ही त्या अंधाऱ्या जगाची खिडकी ठरते. केरळातही असेच घडले: कोट्टायमच्या विहिरीतून मिळालेल्या होराग्लॅनिस कृष्णाई या आंधळ्या माशाचे वर्णन 1950 मध्ये झाले.

डोळा आणि मेंदूतील दृष्टिकेंद्र यांवर बरीच ऊर्जा खर्च होते. अंधारात अन्न थोडे असते, तेव्हा हा खर्च परवडत नाही. मेक्सिकोच्या गुहांतील आंधळ्या टेट्रा माशाच्या भ्रूणात डोळा तयार होऊ लागतो आणि मग झिजून जातो. उघड्या नदीतल्या त्याच्या भाईबंदांना मात्र डोळे असतात. गुहेतल्या टेट्राची पाण्याची हालचाल टिपणारी इंद्रिये अधिक तीक्ष्ण असतात. डोळ्यांचा नाश ही अशा माशांच्या जडणघडणीची अर्धीच बाजू; स्पर्श, गंध आणि कंप यांवर चालणारे जगणे ही दुसरी.

उपनगरांत जुन्या विहिरी बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहतात. बुजवलेल्या विहिरीबरोबर या अधिवासात डोकावण्याची जागाही जाते, म्हणून जोगेश्वरीतली नोंद मोलाची. विहिरीचा गाळ काढताना लालसर, वामेसारखा जीव दिसला तर त्याला साप समजून मारू नये. त्याच पाण्यात ठेवून जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाला कळवावे.