सूचनापेटीची किल्ली

मी 1974 साली ठाण्यातल्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलो. टाइम ऑफिसच्या भिंतीवर हिरव्या रंगाची एक लाकडी पेटी टांगलेली असे. वर पांढऱ्या अक्षरांत ‘सूचना’ आणि खाली एक छोटं कुलूप. त्या पेटीत चहाच्या कुपनांचे चिटोरे टाकले जात, क्वचित एखाद्या सुपरवायझरच्या नावानं शिव्याही. मशीन शॉपमधल्या आमच्या एका टर्नरनं मात्र तिच्यात खरोखरची सूचना टाकली. वयानं मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. लेथवर जॉब बांधायला लागणारा वेळ निम्मा होईल असं एक फिक्श्चर त्यांना सुचलं होतं. व्यवस्थापनानं ते करून पाहिलं, मामांना पन्नास रुपये बक्षीस दिलं, नोटीस बोर्डावर नाव लावलं.

दोन महिन्यांनी त्या जॉबचा नॉर्म वाढला. पूर्वी पाळीत चाळीस नग झाले की त्यापुढच्या प्रत्येक नगाला इन्सेंटिव्ह मिळे. आता साठ काढल्याशिवाय काही नाही. सगळ्या सेक्शनची कमाई घटली, आणि चहाच्या सुटीत मामांच्या बाकावर कोणी बसेना.

या पेटीचा इतिहास धुंडाळायची खोड मला तेव्हापासून लागली.

कारखान्यातल्या अशा योजनेचा उगम बहुतेक अभ्यासक स्कॉटलंडमध्ये, क्लाइड नदीकाठच्या डम्बार्टन गावात दाखवतात. तिथल्या विल्यम डेनी अँड ब्रदर्स या जहाजबांधणी कंपनीनं 1880 साली कामगारांसाठी बक्षीस योजना सुरू केली. नवं यंत्र किंवा हत्यार शोधा, असलेलं सुधारा, अपघात टळेल किंवा खर्च वाचेल अशी युक्ती सांगा. एक समिती ती तपासणार आणि पसंत पडली तर कमीत कमी दोन पौंड देणार. कुशल कारागिराचा आठवड्याचा पगार तेव्हा दोन पौंडांच्या आतच होता, म्हणजे बक्षीस काही खिरापत नव्हती.

डेनींना ही बुद्धी का सुचली? माझं मत सांगतो. जहाजं तेव्हा लोखंडाकडून पोलादाकडे वळत होती. पोलादाची ‘रोटोमहाना’ ही सागरी आगबोट याच गोदीत 1879 मध्ये बांधली गेली. नव्या धातूपुढे जुन्या फोरमनचं पाठांतर अपुरं पडत होतं. पत्रा कसा वाकतो, कुठे चिरतो, हे ज्याच्या हातात हातोडा त्यालाच आधी कळणार. प्रयोगाची हौस डेनींच्या घराण्यातच असावी. जहाजांच्या नमुन्यांची चाचणी घेण्यासाठी त्यांनी 1883 मध्ये बांधलेला सुमारे शंभर मीटर लांबीचा हौद आज संग्रहालय म्हणून पाहता येतो.

पण मला या धाकट्या विल्यम डेनीविषयी आदर वाटतो तो दुसऱ्या कारणानं. सुरुवातीला तो उक्त्या कामाचा, म्हणजे नगावर मजुरीचा, कट्टर पुरस्कर्ता होता. त्यावर त्यानं पुस्तिकाही लिहिली होती. पुढे त्याच्या लक्षात आलं की एकेकट्या कामगाराला उक्तं काम दिलं की फोरमन त्याचा दर खाली ओढत नेतो, आणि मेहनती माणूसच नाडला जातो. मग त्यानं आपली चूक मोकळेपणानं कबूल केली. मालक माणसाकडून अशी कबुली दुर्मिळच. 1887 मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला.

अटलांटिकपलीकडे त्याच सुमारास फ्रेडरिक टेलर फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात हेच पाहत होता. स्वतः यंत्रावर काम केलेला माणूस. कामगार मुद्दाम हात राखून काम करतात, आणि ते आळसापायी नव्हे तर दर कापला जाईल या भीतीपायी, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं उपाय काढला तो मात्र स्टॉपवॉचचा! कोडॅक कंपनीनं 1898 मध्ये सूचना मागवल्या तेव्हा पहिलं बक्षीस, दोन डॉलर, मिळालं ते ‘खिडक्या धुवा म्हणजे उजेड येईल’ एवढ्याशा सूचनेला. हसू येतं, पण फिल्म बनवणाऱ्याला उजेडाची किंमत कळायलाच हवी.

आता टोयोटाकडे येऊ, कारण पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कारखान्यात ‘कायझन’ हा शब्द आज ऐकू येतो तो तिथूनच. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक पान गाळतात. 1950 साली टोयोटा बुडायच्या बेतात होती. कामगारकपात जाहीर झाली, मोठा संप झाला, सुमारे एक चतुर्थांश माणसं बाहेर पडली. संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्यांचे चुलत बंधू एइजी टोयोडा लगेच फोर्डचा कारखाना पाहायला अमेरिकेत गेले. तिथली सूचना योजना त्यांना भावली आणि 1951 मध्ये तशीच टोयोटात सुरू झाली. पहिल्या वर्षी सूचना आल्या आठशेच्या आत. आश्चर्य कसलं? शेजारच्या मशीनवरचा माणूस कालच घरी गेलेला असताना काम कमी करण्याची युक्ती कोण सांगेल?

ही भीती जायला वर्षं लागली. 1962 मध्ये व्यवस्थापन आणि युनियन यांनी परस्परविश्वासाच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. अमेरिकन पद्धतीत वाचलेल्या पैशाच्या हिशेबानं थोड्यांना मोठं बक्षीस मिळे. टोयोटानं किरकोळ सूचनेलाही लहानसं बक्षीस ठेवलं आणि अंमलबजावणीवर भर दिला. 1986 पर्यंत वर्षाला सव्वीस लाखांवर सूचना येऊ लागल्या, माणशी सरासरी सत्तेचाळीस, आणि त्यांतल्या 96 टक्के अमलात आल्या. या आकड्यांनी जग दिपलं. मी जरा सावध असतो. माणशी सत्तेचाळीस सूचना मनातून येतात की फोरमनच्या तगाद्यातून, हा प्रश्न उरतोच. सातोशी कामाता या पत्रकारानं 1972 मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केलं आणि असेंब्ली लाइनच्या वेगात माणूस कसा पिळून निघतो त्यावर पुस्तक लिहिलं. तीही बाजू याच कारखान्याची.

आमच्या कारखान्यात पुढे नवे साहेब आले. पेटी रंगवली, पण किल्ली सापडेना, म्हणून कुलूप तोडलं. मामांनी मात्र पुन्हा तिच्यात कागद टाकला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी टूलबॉक्स रिकामा करताना तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा निघाला. हातानं कानस मारून केलेलं, सुबक फिक्श्चर.

“मामा, हे कधी केलंत?” मी विचारलं.

“झाली की बारा वर्षं,” ते म्हणाले. “रात्रपाळीला लावतो, साहेब. पहाटे काढून ठेवतो.”