सतरंजीवरची कसोटी

मालाड आणि अंधेरी पश्चिमेच्या वस्त्यांत २००६ पासून तीन वर्षं बायकांचे गट पंधरवड्याला जमत. एका चक्रात ३६ बैठका. बाळंतपणातल्या अडचणी आपणच हुडकायच्या, तोडगा ठरवायचा, करून बघायचा, मग काय साधलं ते तपासायचं. पाहणाऱ्याला महिला मंडळच वाटलं असतं. प्रत्यक्षात या बैठकांचीच चाचणी चालली होती, नव्या औषधाची घेतात तशी. शीव रुग्णालयातल्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापलेल्या ‘स्नेहा’ संस्थेनं महापालिकेच्या सहा वॉर्डांतल्या ४८ वस्त्या निवडल्या. निम्म्यांत गट, निम्म्यांत नाही. कुठे काय, ते सोडतीसारखं ठरवलेलं.

हे चक्र मुंबईत आलं नेपाळहून. तिथल्या मकवानपूर जिल्ह्यात अशाच गटांमुळे नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचं २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. नेपाळनं ते घेतलं बोलिव्हियाच्या इन्किसिव्ही प्रांतातून. तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘वार्मी’ प्रकल्पात जन्माच्या आसपासचे बालमृत्यू हजारी ११७ वरून ४४ च्या घरात आले. मात्र तुलनेला गट नसलेली गावं नव्हती. आणखी मागे गेलं की भेटतात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन. ठरवा, करा, तपासा, पुन्हा ठरवा, हा फेरा त्यांनी १९४६ साली कृतिसंशोधन म्हणून मांडला. विषय वैद्यकाचा नव्हताच, अल्पसंख्याकांच्या प्रश्नांचा होता.

या वंशात एक भांडण जन्मापासूनचं आहे. कृतिसंशोधन म्हणतं, चालता चालता वाट बदला. चाचणी म्हणते, जे मोजायचं ते मध्येच बदलू नका. मकवानपूरनं तडजोड काढली: बैठकांचा क्रम पक्का, आत काय ठरवायचं ते बायकांच्या हाती. मला ही तडजोड लेविनच्या मूळ मांडणीइतकीच मोलाची वाटते.

मुंबईचा निकाल २०१२ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आला. १८ हजारांवर जन्मांची नोंद. तरी गर्भारपणातली तपासणी, दवाखान्यातलं बाळंतपण, स्तनपान, कशातच फरक नाही. मृतजन्म गटांच्या वस्त्यांत थोडे कमी, पण ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारी; नवजात मृत्यू उलट जास्त; दोन्ही मिळून पाहिलं तर ठाम फरक नाही. असा आकडा संस्थेनं स्वतः छापला, हे नोंदवायलाच हवं.

नेपाळात साधलं ते मुंबईत का नाही? नेपाळात बहुतेक बाळंतपणं घरीच होत. नाळ कशानं कापायची, बाळाला कधी पुसायचं, हे बायकांच्या हातात होतं. मुंबईत बहुतेकजणी आधीच दवाखाना गाठत होत्या, आणि लेबर वॉर्डाच्या दारापलीकडे गटाचं काय चालणार? ‘स्नेहा’नं पुढे वस्त्यांमध्ये सल्ला-सेवा केंद्रं उघडून तीही तशीच सोडत काढून तपासली. २०१७ च्या निकालात कुटुंबनियोजनाची गरज भागण्याचं प्रमाण वाढलं. मुलांच्या पूर्ण लसीकरणात ठाम फरक पडला नाही.