हुंडणावळ कोणी भरायची?

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली शंभराची नोट मेन रोडच्या कुठल्याही दुकानात द्या, दुकानदाराच्या गल्ल्यात शंभरच रुपये पडतात. तेच शंभर क्रेडिट कार्डाने दिले तर त्याच्या खात्यात साधारण अठ्ठ्याण्णव जमा होतात. म्हणूनच कार्ड पुढे केलं की तो शेजारच्या एटीएमकडे बोट दाखवतो, किंवा हळूच म्हणतो, "कार्डावर दोन टक्के एक्स्ट्रा लागतील." आपण मनातल्या मनात त्याला चोर ठरवून मोकळे होतो. मंडळी, या दोन टक्क्यांचा इतिहास जरा मजेदार आहे.

पैसे इकडून तिकडे पोचवायचा मोबदला घेणं ही काही अमेरिकन आयडिया नाही. आपल्याकडे हुंडी होती. एका गावच्या पेढीवर पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर तो वटवायचा. या सेवेची फी म्हणजे हुंडणावळ. (मराठीत एमडीआरला इतका छान शब्द तयार असताना तो कोणी वापरत नाही!) वर नाण्यांची भानगड वेगळीच. आपल्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, तशा इतरही ठिकठिकाणी होत्या आणि एका ठिकाणचा रुपया दुसरीकडे घेताना बट्टा कापला जाई. सावकार फुकट काही करत नव्हताच. पण हुंडणावळ हुंडी घेणाऱ्याला समोर सांगितली जायची. महाग वाटली तर दुसरी पेढी गाठता यायची.

कार्डाने नेमकी इथे कलाटणी दिली. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला तेव्हा हॉटेलवाल्याकडून बिलाच्या सात टक्के घेतले जात. जेवणाऱ्याला ते दिसतच नसत! भारतात डायनर्स १९६१ मध्ये आलं आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपलं 'सेंट्रलकार्ड' काढलं. मग १९९० नंतर परदेशी आणि खाजगी बँका उतरल्या आणि आमची आयटीवाली पिढी नोकरीला लागेपर्यंत मॉलच्या दारात टेबल टाकून कार्डं वाटणं सुरू झालं होतं.

आता सराफ बाजारातला हिशोब बघा. सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच, सराफाची कमाई मुख्यतः घडणावळीत. समजा एक लाखाच्या बिलात घडणावळ आठ हजार आहे. दोन टक्के फी घडणावळीवर नाही, अख्ख्या लाखावर कापली जाते. म्हणजे आठातले दोन हजार गेले, एक चतुर्थांश! कारागिराची मजुरी, भाडं, वीज सगळं उरलेल्यातून. या फीचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातूनच आपले रिवॉर्ड पॉइंट्स येतात. दुकानदार शेवटी ही फी सगळ्यांच्याच किमतीत मिसळतो. म्हणजे रोख देऊन मंगळसूत्र नेणारी बाईसुद्धा माझ्या पॉइंट्सचे पैसे भरते. हे मला पचायला जड जातं, पॉइंट्स मात्र मी वापरतो :-)

रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाच्या फीवर २०१२ मध्ये मर्यादा घातली, २०१८ पासून छोट्या दुकानदारांसाठी ती ०.४० टक्क्यांवर आणली. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर फी शून्य. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा कधीच नव्हती, अजूनही नाही. आणि दुकानदाराने ही फी गिऱ्हाईकाला वेगळी दाखवून घ्यायची तर बँकेच्या करारात साधारणपणे त्याला मनाई असते. हुंडणावळ घ्या, पण सांगू नका, असा प्रकार.

ही झाली दुकानदाराची बाजू. आपल्या बाजूला व्याज आहे आणि त्याची गोष्ट सुप्याला सुरू होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. हे दख्खनचे दंगे शाळेत एका ओळीत संपतात. पण जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जखतं, आणि मिळाली तिथे ती जाळली गेली. का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला. पण झालं असं, की मुदत संपत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेई. आणखी तीन वर्षांनी पुन्हा. कुळाला लिहिता-वाचता येत नसे, आणि कोर्ट फक्त शेवटचा कागद बघे.

प्रोग्रॅमर मंडळींना हा लूप ओळखीचा वाटेल. कार्डावर पन्नास हजार थकलेत आणि दर महिना साडेतीन टक्के धरा. व्याज १७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही 'मिनिमम ड्यू' म्हणून पाच टक्के, म्हणजे २५०० भरलेत, तर कर्ज कमी झालं फक्त ४३५ रुपयांनी. काहीच न भरता चक्रवाढ होऊ दिली तर एकवीस महिन्यांत व्याज मुद्दलाच्या पुढे जातं. आपल्याकडे जुना दामदुपटीचा नियम होता, एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही तो होता. पण सावकारी कायदा बँकांना लागू नाही.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी सुटका कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्या चारच जिल्ह्यांना, नाशिक त्या यादीत नव्हतं. त्यात सावकाराने पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशोब द्यायचा अशी कलमं होती. पण मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की कोर्टाने कर्जखताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासायचा.

आणि १९८४ मध्ये आपण नेमकं उलटं केलं. बँकिंग नियमन कायद्यात २१अ कलम घातलं गेलं. व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून कुठलंही कोर्ट बँकेचा व्यवहार पुन्हा उघडणार नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तरी धाडस केलं. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा, असा निकाल दिला. त्याला सुप्रीम कोर्टात स्थगिती मिळाली आणि २० डिसेंबर २०२४ ला, म्हणजे सोळा वर्षांनी, तो रद्दच झाला. दर ठरवणं, त्यावर लक्ष ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाचं नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण रिझर्व्ह बँकेने आकडा घातलेला नाही. दर अवाजवी नसावेत एवढंच ती बँकांना सांगते.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही असंही नाही. २०१३ मध्ये तिने 'झिरो पर्सेंट ईएमआय' ही चीजच अस्तित्वात नाही असं स्पष्ट सांगितलं, व्याज कुठेतरी लपलेलंच असतं म्हणून. २०२२ च्या नियमांनुसार न मागता कार्ड दिलं तर बँकेला दंड आहे, आणि नुसतं मिनिमम भरत राहिलात तर काय होईल याचा इशारा स्टेटमेंटवर छापावा लागतो. १८७९ च्या हिशोबाच्या कलमाची आठवण येते. फरक इतकाच की आपल्याला वाचता येतं, आणि तरी आपण वाचत नाही.

असो. आता २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे पानवाल्याचा तोच क्यूआर कोड उधारीलाही चालतो. छोट्या दुकानदाराला यात दोन हजारांपर्यंत फी नाही, त्यापुढे आहे. आमच्या गल्लीतला किराणावाला हे पक्कं शिकलाय. बिल एकवीसशे झालं की म्हणतो, "भाऊ, दोनदा स्कॅन करा ना."