मालवण-तारकर्ली सागरी पर्यटन

मालवण-तारकर्ली सागरी पर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहर आणि त्याच्या दक्षिणेस असलेल्या वायरी, तारकर्ली व देवबाग या किनारी गावांत चालणारे निवासी पर्यटन होय. समुद्राकाठच्या घरात काही दिवस मुक्काम, होडीतून बेटांची सफर, प्रवाळांमधील पाणबुडी, ताजी मासळी आणि स्थानिक लोककलांचा परिचय ही त्याची मुख्य अंगे आहेत. कॅरिबियन बेटांवर भाड्याच्या बंगल्यात राहून सागरी सुट्टी घालवण्याची जी पद्धत रूढ आहे, तिचा मराठी मुलखातील जवळचा नमुना म्हणून या किनाऱ्याकडे पाहता येते. मात्र येथील समुद्र केवळ विहाराची जागा नाही. तो मच्छीमारांचे शेत आहे आणि त्याचा काही भाग संरक्षित अभयारण्य आहे. या दोन गोष्टी ध्यानात घेऊनच येथील सहलीची आखणी करणे इष्ट ठरते.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यापूर्वी मालवण हे मुख्यतः मासेमारी व किनारी व्यापाराचे बंदर होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस निवासस्थान उभारले, कर्ली नदीत निवासी नौका आणल्या आणि ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली खाजगी घरांना पर्यटक ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे माडांच्या वाडीतील राहत्या घरात एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवण्याची प्रथा रुजली. आजही अनेक ठिकाणी यजमान कुटुंब त्याच आवारात राहते व जेवण घरच्या चुलीवरचे असते. अलीकडे स्वतंत्र बंगले व मोठी निवासस्थानेही उभी राहिली आहेत.

भूगोल व ऋतुमान

कर्ली नदी सह्याद्रीतून निघून देवबागजवळ अरबी समुद्रास मिळते. एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्यामध्ये देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी पसरलेली आहे. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की दोन्ही पाणी थोड्याच पावलांवर येते. या पट्टीला समुद्राच्या धुपेचा सतत उपद्रव होतो. नदीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा आहे. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक लोक सांगतात, म्हणून त्यास ‘त्सुनामी बेट’ हे नाव पडले. भरतीच्या वेळी त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो.

सहलीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. या महिन्यांत समुद्र शांत व पाणी तुलनेने निवळ असते. मार्चनंतर उष्मा वाढतो, परंतु आंबा, काजू, फणस व रातांबा यांचा हंगाम त्याच वेळी असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जून ते ऑगस्टअखेर प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद असतात. त्या काळात आलेल्यांना भातलावणी, धबधबे व हिरवे कातळ पाहता येतात, पण पाण्यात उतरता येत नाही.

पाहण्याजोगी स्थळे

सिंधुदुर्ग किल्ला : मालवण बंदरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी हा जलदुर्ग बांधविला. बांधकामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजी प्रारंभ झाला व सुमारे तीन वर्षांत ते पूर्ण झाले. हिरोजी इंदुलकर यांच्याकडे त्याची जबाबदारी होती. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवती जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट आहे. मुख्य दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपविला आहे की बाहेरून तो चटकन दिसत नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शिवराजेश्वर मंदिर आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे ही येथील श्रद्धास्थाने होत. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा अंतर्भाव आहे.

राजकोट : सिंधुदुर्गाच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे उपदुर्ग होते. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या जागी उभारलेल्या नव्या पुतळ्याचे अनावरण ११ मे २०२५ रोजी झाले.

धामापूर तलाव : मालवण तालुक्यातील हा तलाव १५३० साली बांधला गेला. काठावर भगवती देवीचे मंदिर आहे. सिंचनाच्या जागतिक वारसा वास्तूंच्या यादीत त्याची २०२० साली नोंद झाली.

निवती व भोगवे : कर्लीच्या दक्षिणेस, वेंगुर्ले तालुक्यात हे किनारे आहेत. तारकर्लीच्या मानाने येथे वर्दळ कमी असते.

करण्याजोगे उपक्रम

पाणबुडी : सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ समुद्रात प्रवाळ व रंगीत मासे पाहण्यासाठी श्वसनयंत्र लावून पाण्याखाली नेले जाते. पोहता न येणाऱ्यासही प्रशिक्षक धरून खाली नेतो, म्हणून हा उपक्रम लोकप्रिय आहे. तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था असून तेथे रीतसर अभ्यासक्रमही करता येतो. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. वर येताना छातीतील हवा प्रसरण पावते व श्वास कोंडलेला असल्यास फुप्फुसास इजा होऊ शकते. कानावर दाब जाणवताच नाक चिमटीत धरून हलके फुंकावे. दुखणे न थांबल्यास अधिक खाली जाऊ नये. हृदयविकार, दमा वा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज हा प्रयोग करू नये. एका बुडीनंतर किमान १२ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य संकेत आहे.

नौकाविहार : कर्लीच्या पात्रातून देवबागच्या संगमापर्यंतची फेरी लहान मुले व वृद्ध यांनाही झेपणारी आहे. पहाटेच्या वेळी समुद्रात कुबडे डॉल्फिन दिसण्याचा संभव असतो. त्यांचा पाठलाग न करता यंत्र मंद ठेवून थांबणाऱ्या नावाड्यास पसंती द्यावी.

कांदळवन सफर : वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवितात. चिपी, तिवर इत्यादी वृक्षांची ओळख त्या स्वतःच करून देतात. यंत्राचा आवाज नसल्याने पक्षी जवळून पाहता येतात.

रापण पाहणे : रापण ही किनाऱ्यावरून ओढण्याच्या मोठ्या जाळ्याची जुनी पद्धत आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे ओढतात. मिळालेल्या मासळीची रापणकरांत ठरलेल्या वाट्यांनी विभागणी होते. दोरी ओढण्यास हात लावायचा असल्यास आधी विचारावे, आणि ओल्या जाळ्यावरून चालू नये.

लोककला : कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतारी नाटके होतात. पूर्वरंगातील संकासुराची थट्टामस्करी, त्यानंतरचे पौराणिक आख्यान आणि पुरुषांनी वठविलेल्या स्त्रीभूमिका हे त्यांचे विशेष होत. कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जतन केली आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

खाद्यसंस्कृती

ओले खोबरे, आमसूल व तिरफळ हे मालवणी स्वयंपाकाचे आधार आहेत. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, तिसऱ्यांचे सुके, तळलेली सुरमई, कोंबडी-वडे व सोलकढी हे पदार्थ सर्वपरिचित आहेत. शाकाहारी पंगतीत काळ्या वाटाण्याचे सांबार, ओल्या काजूगरांची उसळ, घावणे, आंबोळ्या आणि नारळाच्या गोड रसातील शिरवाळे असतात. गुळाचा मालवणी खाजा जत्रेची खूण मानला जातो. घरगुती निवासात जेवण आदल्या दिवशी सांगण्याची रीत आहे, कारण मासळी सकाळच्या बाजारातून आणली जाते. त्या दिवशी जी मासळी आली असेल तीच घेणे स्वस्त व रुचकर दोन्ही ठरते.

पर्यावरण व उपजीविका

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळ ही वनस्पती वा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते व तिची वाढ अतिशय मंद असते. एका पावलाने मोडलेली फांदी भरून येण्यास वर्षे लागतात. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळातील शैवाल बाहेर पडते व तो पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांतही हा विकार आढळला आहे. त्यातच होड्यांचे नांगर, प्रवाळावर उभे राहणे आणि मासे जमविण्यासाठी पाव वा बिस्किटे टाकणे यांची भर पडते. प्रवाळाचा तुकडा वा जिवंत शंख आठवण म्हणून आणणे अयोग्य आहे, आणि प्रवाळ बाळगणे वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे.

अभयारण्याच्या घोषणेस मच्छीमारांनी प्रदीर्घ काळ विरोध केला. पिढीजात मासेमारीवर निर्बंध येतील, ही त्यांची भीती होती. दुसरीकडे पर्ससीन जाळी व परप्रांतीय ट्रॉलर यांच्यामुळे किनाऱ्यालगतची मासळी घटत असल्याची त्यांची तक्रार आहे. शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तरी संघर्ष संपलेला नाही. अनेक गाबीत कुटुंबांतील तरुण आता पर्यटकांच्या होड्या चालवितात. प्रवाळ टिकला तरच मासळी टिकते आणि पर्यटकही येतो, हे येथील अर्थव्यवहाराचे मूळ सूत्र आहे.

सुरक्षितता

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पाणबुडीहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. हंगामाच्या अखेरीस समुद्र अकस्मात बदलतो, हे अशा वेळी विसरले जाते. होडीत चढण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट बांधावे, ते नुसते अंगावर टाकू नये. क्षमतेहून अधिक माणसे बसत असल्यास उतरावे. देवबागच्या संगमावर नदी व समुद्राचे प्रवाह एकमेकांस छेदतात, म्हणून तेथे पोहू नये. त्सुनामी बेटावर जाताना भरतीची वेळ नावाड्यास विचारून घ्यावी. लाटेने आत ओढले गेल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे.

पोहोचण्याचे मार्ग

कोकण रेल्वेवरील कुडाळ, सिंधुदुर्गनगरी व कणकवली ही सोयीची स्थानके आहेत. पुण्याहून कोल्हापूरमार्गे गगनबावडा वा फोंडा घाटाने रस्त्याने जाता येते. पावसाळ्यात घाटाची स्थिती आधी पाहावी. परुळे-चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. विमानांची वेळापत्रके बदलत असल्याने आगाऊ चौकशी करावी.

हेही पाहा

सिंधुदुर्ग किल्ला
मालवण
दशावतार (लोकनाट्य)
मालवणी खाद्यसंस्कृती
कर्ली नदी