शर्यतीआधीचे हवेचे गणित

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्हींची सलग कसोटी पाहणाऱ्या ट्रायथलॉनला २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये प्रथम स्थान मिळाले. गोव्यात पणजी येथे २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यत भरली आणि मुंबई-पुण्याच्या हौशी खेळाडूंना हे आव्हान घराजवळ उपलब्ध झाले. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे या शर्यतीचे स्वरूप असते. त्यातील सर्वांत लांब टप्पा सायकलचा. अनेक महिन्यांचा सराव या टप्प्यात एका पंक्चरने मातीमोल होऊ शकतो. म्हणूनच टायरमधील हवेचा दाब ही वरवर किरकोळ वाटणारी बाब जाणकार खेळाडू गांभीर्याने घेतात.

खेळाडू आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सरासरी ४० किलो, म्हणजे सुमारे ८८ पौंड भार येतो. टायरमध्ये ८८ पीएसआय (दर चौरस इंचास ८८ पौंड) दाब असेल, तर रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम एक चौरस इंचाचा असतो. वेग, पकड आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात.

जास्त दाब म्हणजे जास्त वेग नव्हे

टायर दगडासारखा टणक असेल तर सायकल वेगाने धावते, हा समज दीर्घकाळ रूढ होता. २३ मिलिमीटर रुंदीच्या टायरांत ११० ते १२० पीएसआय हवा सर्रास भरली जाई. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर त्यात तथ्यही आहे. मात्र खडबडीत डांबरी रस्त्यावर अतिटणक चाक प्रत्येक उंचवट्यावर उसळते. ते धक्के शरीरात जिरतात, शक्ती वाया जाते आणि वळणावरची पकडही सैल होते. उलट दाब फार कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन्ही कडांखाली चेचली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात.

आता २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचे टायर रुळले असून, मध्यम वजनाच्या खेळाडूस ७० ते ९० पीएसआयच्या दरम्यानचा दाब बहुधा पुरतो. वजन अधिक असेल तर दाब थोडा वाढवावा. टायर रुंद असेल किंवा रस्ता खराब असेल तर कमी करावा. पावसात पाच-एक पीएसआय कमी ठेवल्यास पकड सुधारते. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने त्यातील दाब पुढच्यापेक्षा किंचित जास्त असावा. टायर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये. टायर अडकविण्यासाठी आतून कड नसलेल्या, म्हणजे ‘हुकलेस’ रिमवर ही मर्यादा अवघी ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते.

उन्हातली सायकल

मोठ्या शर्यतींत सायकल बहुधा आदल्या दिवशीच जमा करावी लागते आणि ती उघड्या मैदानात उभी राहते. बंदिस्त हवा तापली की दाब वाढतो, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम. २७ अंश सेल्सिअसला १०० पीएसआय असलेला टायर ५७ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे १११ पीएसआय होतो. सुस्थितीतील टायर एवढी वाढ सहज सोसतो. फुटतो तो बहुधा आधीच दोष असलेला टायर: घाईत बसविताना टायरच्या कडेखाली ट्यूब अडकलेली असते, रिममधील पट्टी सरकलेली असते किंवा टायरला चीर गेलेली असते. त्यामुळे नवा टायर वा ट्यूब शर्यतीच्या आदल्या रात्री बसवू नये. काही दिवस आधी बसवून त्यावर सराव करावा.

खबरदारी म्हणून सायकल जमा करताना १० ते २० पीएसआय हवा कमी करणे इष्ट. रात्रीतून हवा उतरेल या हिशेबाने आदल्या दिवशीच जादा हवा भरून ठेवणे चुकीचे. साध्या ब्युटाइल रबराच्या ट्यूबमधून दिवसाला एक-दोन पीएसआयच हवा जाते. लॅटेक्सची ट्यूब मात्र एका रात्रीत १० पीएसआय किंवा त्याहूनही अधिक गमावते. तेव्हा कोणतीही ट्यूब असली, तरी शर्यतीच्या पहाटे हवा भरणे अनिवार्य ठरते.

पहाटेची दहा मिनिटे

पहाटे सायकलपाशी पोहोचल्यावर प्रथम टायर बोटांनी चाचपून खिळा, काच वा काटा रुतलेला नाही ना, हे पाहावे. बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हची चकती सैल करून ती एकदा हलकेच दाबावी, मग पंप सरळ लावावा. पंपाचा काटा पहिला दट्ट्या मारून व्हॉल्व्ह उघडेपर्यंत टायरमधील दाब दाखवीत नाही. पंप काढताना होणारा ‘फुस्स’ आवाज मुख्यतः नळीतील हवेचा असतो. त्यामुळे घाबरून पुन्हा हवा भरण्याचे कारण नाही. शेवटी चकती घट्ट करावी. दोन पंपांचे काटे सारखेच आकडे दाखवतील याची खात्री नसते. म्हणून शक्य असल्यास सरावातलाच पंप न्यावा, अन्यथा स्वतःचा दाबमापक सोबत ठेवावा. भरीव डिस्क चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत साध्या पंपाचे तोंड पोहोचत नाही. त्यासाठी लागणारा वाकडा जोड शर्यतीच्या ठिकाणी उसना मिळेल, या भरवशावर राहू नये.

वाटेत पंक्चर झालेच, तर कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी काही सेकंदांत काम भागविते. मात्र हा वायू ब्युटाइल ट्यूबमधून लवकर झिरपतो. शर्यत संपल्यावर तो काढून साधी हवा भरावी.