न मागता आलेली टीका आणि धोंडो केशव कर्वे

आपण काही वेगळं करायला निघालो की सल्ले आणि दोष ऐकवणारे भेटतातच. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, तरी ते सांगतात. अशा वेळी स्वतःवरचा विश्वास टिकवायचा कसा, हा प्रश्न आज आपण इतिहासाला विचारणार आहोत. त्यासाठी माणूस निवडलाय तो धोंडो केशव कर्वे. पुढे सगळे त्यांना महर्षी म्हणू लागले, १९५८ साली भारतरत्न मिळालं. पण आपण बोलणार आहोत ते त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीच्या कर्व्यांबद्दल.

कर्वे स्वभावाने बुजरे होते. सभा गाजवणाऱ्यांतले नव्हतेच. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एखादी अजाण मुलगी त्यांना सहज मिळाली असती. पण ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, घरच्यांच्या बाया.

हे दोघं कोकणात मुरूडला गेले, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. ज्या मुरूडसाठी कर्व्यांनी फंड उभा केला होता, तेच हे गाव! आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. बहिष्काराचा चटका एकट्या कर्व्यांना बसत नव्हता. ते तर पुण्याला परतणार होते. गावात राहणार होते त्यांची आई आणि भाऊ. आपल्यावरची टीका आपण सोसू हो. पण आपल्यापायी घरच्यांना सोसावं लागलं, तर आत्मविश्वासाची खरी परीक्षा तिथे लागते.

मग कर्व्यांनी काय केलं? गावाशी भांडण मांडलं नाही, आणि लग्नाबद्दल माफीही मागितली नाही. स्वतःबद्दलच्या बोलण्याला उत्तर देण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. मात्र लोकांच्या विरोधातून एक गोष्ट त्यांनी टिपली. पुनर्विवाहाचं नाव काढलं की लोक दार लावून घेतात, पण विधवेला शिकवून स्वतःच्या पायावर उभं करायचं म्हटलं, तर काहीजण तरी ऐकून घेतात. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. कॉलेजातले तास संपले की कर्वे चिखल तुडवत पायी हिंगण्याला जायचे.

आता दुसऱ्या बाजूने बोल सुरू झाले. पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमाने बाजूला ठेवला, म्हणून सुधारकही नाराज. म्हणजे सनातन्यांच्या लेखी कर्वे बुडालेले, आणि सुधारकांच्या लेखी कच खाल्लेले! कर्वे दोघांनाही पुरून उरले. त्यांचा विश्वास ‘मी बरोबरच आहे’ यावर फारसा नव्हता. ‘हे काम व्हायला हवं’ यावर होता. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या प्रकारच्या माणसाला टीकेचा प्रत्येक शब्द बोचतो. दुसऱ्याला तो वापरता तरी येतो, नाहीतर सोडून देता येतो.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगावा. विठ्ठल रामजी शिंदे यांची बहीण जनाक्का. सासरच्या छळामुळे माहेरी आलेली. तिला आश्रमात घ्यावं म्हणून शिंदे कर्व्यांकडे गेले. प्रवेश मिळाला नाही. ब्राह्मणेतर मुलीला घेतलं तर आश्रमाला असलेला आधार तुटेल, ही धास्ती त्यामागे होती.

बघा, ज्या माणसाने गावाच्या बहिष्कारापुढे मान तुकवली नाही, तो इथे लोक काय म्हणतील यापाशी अडला. स्वतःवरची टीका सोसणं त्यांना जमलं, संस्थेवर येऊ शकणाऱ्या टीकेची जोखीम मात्र त्यांनी घेतली नाही. आणि त्याची किंमत जनाक्काने मोजली. जे मोठ्याने ओरडतात त्यांचं आपल्याला ऐकू येतं. जी मुलगी दारातून मुकाट्याने परत जाते, तिची तक्रार कानावर येतच नाही.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९४४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. जातपात न मानता माणसं समान आहेत, हे सांगण्यासाठी. उशीर झाला होता, हे खरंच. पण त्या वयातही स्वतःच्या कामाची हद्द वाढवायला ते कचरले नाहीत.

तेव्हा मंडळी, आत्मविश्वास म्हणजे कान बंद करणं नव्हे. आपल्याला बोल लावले जातात तेव्हा दोन प्रश्न विचारू. हे बोलणं माझ्याबद्दल आहे की कामाबद्दल? माझ्याबद्दल असेल तर सोडून देऊ, कामाबद्दल असेल तर तपासू. आणि दुसरा, कर्व्यांच्या गोष्टीने शिकवलेला प्रश्न: या गलक्यात कुणाचा आवाज आपल्यापर्यंत पोचलाच नाही?